निळ्या दादाची पूड

दादा निळा आणि मी पांढरा, असं का? हे मला कुणीच सांगितलं नाही.

फार पूर्वी लाव्हा थिजताना काळ्या दगडात एक पोकळी राहिली. तिथे झिरपलेल्या गरम पाण्यातून आधी दादाचा स्फटिक झाला, मग त्याला बिलगून माझा.

एके दिवशी खाणीतल्या यल्लाप्पाने आम्हाला बाहेर काढलं. त्याची बायको म्हणाली, “अहो, पांढरं छाटा की! लोकांना निळंच हवंय.”

“हलू नकोस, येड्या,” दादा मला म्हणाला. “मी ठिसूळ आहे. तू धरलंस म्हणून टिकलोय.”

छिन्नीचा घाव दादाला हादरवेल, म्हणून मी आधीच स्वतःहून फुटलो. आधार सुटला आणि दादाचा चुरा झाला.

चिमूटभर निळी पूड माझ्या भेगेत उरली. त्यांनी मला टाकाऊ दगडांच्या ढिगावर फेकलं, तेव्हा ती पूड वाऱ्याने उडू नये म्हणून भेग खाली करून मी पालथा पडलो.