हळदीच्या हाताची कहाणी

ऐका, सटवाई आई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला एकच वेस होती, आणि वेशीच्या आत जन्मलेलं लहानथोर सगळं एकाच बाईच्या हातावर आलेलं होतं. तिचं नाव येसाई. येसाई सुईण होती. तिच्या हाताला गुण होता. तिनं अडलेलीला सोडवावं, मग हळदीत हात बुडवावा आणि बाळंतिणीच्या दाराशी भिंतीवर ठसा उमटवावा, अशी तिथली रीत. गावात अशी भिंत नव्हती, जिच्यावर येसाईचा हात नव्हता.

तिला एक सून होती, गोदा. गोदा म्हणे, "आत्याबाई, मला शिकवा. तुमच्या मागं कोण?" येसाई म्हणे, "हातगुण देवाघरून येतो गं. शिकवून येत नाही." असं म्हणे आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार आतून लावून घेई. बायांनो, दार काही उगीच लागत नव्हतं.

एके दिवशी काय झालं? येसाई एक बाळंतपण उरकून, ठसा उमटवून निघाली. भर दुपार होती, रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. उंबऱ्याशी एक म्हातारी उभी. दोन्ही हात पदराखाली. ऊन डोक्यावर, पण पायाशी सावली नाही. म्हणाली, "येसाई, मला भिक्षा नको, पाणी नको. तुझी एक चूक सांग." येसाई हसली. "माझ्या हातून चूक होत नाही, आजीबाई. या भिंती बघा." म्हातारीनं बघितलं. मग येसाईनं बघितलं. ठसा अजून ओला होता, पण त्यात एकही रेष नव्हती. तळवा परातीसारखा सपाट. हळद पातळ झाली असेल, असं म्हणून येसाई घरी गेली.

महिना गेला. दुसऱ्या घरी बाळंतपण झालं. पुन्हा दुपार, पुन्हा म्हातारी, हात पदराखाली. "येसाई, एक चूक सांग." येसाई चिडली. "वाट सोडा हो!" मागं वळून पाहते तो ठशाला बोटं नाहीत. नुसता हळदीचा गोळा.

आणखी महिना गेला. तिसऱ्या घरी म्हातारी उभी. "येसाई, एक चूक सांग." येसाईनं तोंड फिरवलं. भिंतीला हात लावला, भिंत कोरी. पुन्हा लावला, पुन्हा कोरी. गावातून धावत निघाली, तर ज्या त्या दाराशी भिंत कोरी. त्या दिवसापासून तिच्या हातांना ऊन कळेना, गार कळेना. चुलीतला निखारा उचलला तरी समजेना. तिनं कोणाला सांगितलं नाही. 

तशात गोदेचे दिवस भरले. नवरा मुलुखगिरीवर गेलेला. सकाळीच कळा सुरू झाल्या. येसाईनं सवयीनं दार आतून लावलं. मग पोटावर हात ठेवला, तर बाळाचं डोकं कुठं, पाय कुठं, काही कळेना. दुसरी सुईण बोलवावी, तर गावात दुसरी कुठून असणार? येसाईनं होऊ दिली असती तर ना! घाबरून इकडंतिकडं पाहते, तो कोपऱ्यात म्हातारी बसलेली. दाराची कडी तशीच.

"गोदे, माझे हात मेले गं. मला काही लागत नाही."

"मग माझ्या बाळाचं कसं, आत्याबाई?"

म्हातारी म्हणाली, "हिला हात आहेत की."

मग येसाई गोदेच्या पाठीशी बसली, तिला धरलं, म्हणाली, "पोरी, आता तुझेच हात. मी सांगते तसं कर." कळ आली, कळ गेली. डोकं बाहेर आलं.

"आता जोर करू नकोस. फुंकर मारत राहा. बाळाच्या मानेशी बोट फिरव."

"कशाला?"

"मानेला नाळ असते कधी कधी. मी एकदा पाहिलं नाही. घाई केली, ओढलं. लेकरू गेलं. आणि मी सांगितलं, मेलेलंच आलं."

"कोणाचं?"

म्हातारी बसल्या जागेवरून पुढं सरकली.

"कोणाचं, आत्याबाई?"

"तुझ्या आईचं, गोदे. तिचं पहिलं. तुझा थोरला भाऊ."

गोदेच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई मरेपर्यंत म्हणत होती, मी ग्रहणात भाजी चिरली, म्हणून माझं लेकरू गेलं."

"तिनं काही केलं नव्हतं गं. ते माझे हात होते."

गोदेनं दात आवळले, बोट फिरवलं. "आहे. नाळ आहे. दोन वेढे."

"ओढू नकोस. बोटानं सैल कर. डोक्यावरून काढ. हा एक. आता दुसरा."

वेढे निघाले, मग बाळ आलं. निळं होतं, गप्प होतं. येसाई सांगत गेली, गोदा करत गेली. तोंड पुसलं, पालथं धरलं, पाठ चोळली. मग बाळ रडलं. दोघीही रडल्या.

तेव्हा म्हातारीनं पदराखालून हात काढले. ते म्हातारीचे नव्हते. तान्ह्या लेकराचे होते, मुठी आवळलेल्या, नखं निळी. म्हणाली, "इतकी वर्षं हे मी सांभाळले. आता ज्याचे त्याला देते." तेव्हा येसाईनं सटवाईला ओळखलं, पाय धरले. "आई, मी काय करू?" "सहाव्या दिवशी बाळंतिणीच्या उंबऱ्यात बसावं. धाकटीचे हात हाती घ्यावे, तेल चोळावं. आपली एक चूक नावानिशी सांगावी. लाजू नये, लपवू नये, घेतला वसा झाकू नये." इतकं बोलून ती नाहीशी झाली.

सहाव्या दिवशी येसाईनं दार सताड उघडं ठेवलं. वसा केला, सगळ्या गावादेखत सांगितलं. मग गोदेनं भिंतीला हळदीचा हात लावला. रेषारेषांनिशी ठसा उमटला. येसाईच्या हातांना पुन्हा ऊन-गार कळू लागलं, पण तळव्यांवर रेषा आल्या नाहीत. त्या गोदेच्या ठशात होत्या.

आणि त्या ठशाशेजारी आणखी एक हात उमटला होता, गोदेच्या बाळाच्या हाताहून लहान. तो कोणी लावला नव्हता. गोदेनं त्यावर आपला तळवा ठेवला, म्हणाली, "ये, दादा."

जशी सटवाई येसाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ही साठां हातांची कहाणी पांचां बोटांवर सुफळ संपूर्ण.