बक्षीस कुणाला?

जुन्या व्हिडिओ गेम्सचं संगीत नव्यानं घासूनपुसून काढलेल्या अल्बमांची स्पर्धा होती. परीक्षक प्रभाकरराव सोवनींना आपल्या कानांचा भलताच गर्व. मृण्मयीचा अल्बम त्यांनी अर्ध्या मिनिटात बाद केला.

"आवाज दबलेला. जीवच नाही!"

मृण्मयी म्हणाली, "सर, आता डोळे मिटून दोनदा ऐका. सरस कुठलं, तेवढं सांगा."

मोटारींच्या शर्यतीच्या गेमची धून वाजली. दुसऱ्यांदा वाजताच सोवनी ताडकन उठले. "हे! काय खोली, काय झळाळी! पहिलं बक्षीस यालाच!"

"दोन्ही वेळा माझा बाद झालेला अल्बमच होता, सर. दुसऱ्यांदा फक्त बटण फिरवून आवाज जरासा वाढवला. मग बक्षीस मला देताय, की बटणाला?"

सभागृहातलं हसू मात्र बटणाला हात न लावताच वाढत गेलं. त्यात सोवनीही होते.