एका दिवसात डोंगर रिकामा करा

"उद्या सूर्य मावळेपर्यंत डोंगरावरची कॉफीची सगळी लाल फळं तोडून आणायची," मानाजीराव राजाने हुकूम सोडला. "टोपलीत एक हिरवं फळ दिसता कामा नये आणि परवा सकाळी झाडावर एक लाल फळ दिसता कामा नये. जमलं तर तुमची कॉफी तुम्हीच बंदरावर विका. नाही जमलं तर नेहमीसारखी झुंबरशेठला द्या, तो म्हणेल त्या भावाने."

समोर चाळीस बायका उभ्या होत्या. झाडं त्या राखायच्या, फळं त्या तोडायच्या, बिया त्या वाळवायच्या आणि भाव ठरवायचा शेठ. यंदा सगळ्यांनी माल एकत्र केला होता आणि स्वतः विकायची परवानगी मागायला त्या गड चढून आल्या होत्या.

ही अट शेठनेच राजाच्या कानात घातली होती. आताही राजाशेजारी उभा राहून तो म्हणाला, "महाराज, ज्वारीचं शेत एका दिवसात कापून होतं. या बायका मात्र एकेका झाडाकडे सात-सात वेळा जातात. अशा कामचुकारांना व्यापार काय जमणार?"

बायकांची पुढारी सोमती म्हणाली, "शेठ, तुम्ही कधी फळ तोडलंय?"

"मी कशाला तोडू? मी विकतो."

"तेच म्हटलं."

दरबारात खसखस पिकली. राजा कडाडला, "सोमती, अट मान्य आहे की नाही?"

"मान्य आहे, महाराज. पण आम्ही पडलो अडाणी. असं काम एका दिवसात कसं संपवतात, ते आधी कुणीतरी दाखवावं. आपल्या नाभिकाला बोलवा."

नाभिक धोकटी घेऊन धावत आला.

"दादा," सोमती म्हणाली, "महाराजांच्या दाढीतले सगळे पांढरे केस आत्ता उपटा. एक काळा निघता कामा नये आणि उद्या सकाळी एक पांढरा दिसता कामा नये."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? आज उपटले तरी उद्या आणखी दोन पिकतातच. मी रोज सकाळी तेच तर करत..."

नाभिकाने जीभ चावली. राजाचा हात दाढीकडे गेला. सगळा दरबार छताकडे बघू लागला.

"रोज?" सोमती म्हणाली. "एकाच दाढीकडे? शेठ, हा तर आमच्यापेक्षा कामचुकार निघाला. केस काय आणि फळ काय, पिकतं ते आपल्या सवडीने. हुकमाने पिकत नाही."

मग राजाच हसू लागला, इतका की फेटा कलला.

"हरलो, बाई. बंदरावरची मोक्याची पेढी आजपासून तुमची. वजनकाटा तुमचा, भावही तुम्हीच सांगायचा."

"महाराज," शेठ रडकुंडीला आला, "मग मी काय करू?"

"फळं तोडायला या की," सोमती म्हणाली. "आमच्याकडे मजुरी सगळ्यांना सारखी. पुरुष आहात म्हणून एक पैसा कमी देणार नाही."