बावीस वाघांची बंदूक

बिबट्याने गोठ्यातून दुसरं वासरू उचललं, तेव्हापासून बाळकू गावड्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बंदुकीचा परवाना हाती आला होता, पण नवी घेण्याची ऐपत नव्हती. इनामदार आपली बंदूक विकणार असं कळलं, तसा तो धास्तावतच त्यांच्या सदरेवर गेला.

पाहुण्यांसमोर मिशीला पीळ देत इनामदार म्हणाले, "या बंदुकीने मी बावीस वाघ लोळवलेत!"

बाळकूने नळीत डोकावून पाहिलं. आत एकही ओरखडा नव्हता. "सरकार, किंमत?"

"नव्या बंदुकीची. दोनदाच उडवली आहे, कोरी करकरीत समज."

बोलावं तर इनामदारांचा राग, न बोलावं तर दारात बिबट्या. शेवटी बाळकूने हात जोडले.

"सरकार, मी अडाणी माणूस. बावीस वाघ मारले असतील, तर बंदूक जुनी झाली. निम्म्या किमतीत द्यावी. दोनदाच उडवली असेल, तर पुरी किंमत कुठूनही उभी करतो. फक्त उरलेले वीस वाघ कोणी मारले, तेवढं सांगावं."

पाहुणे इनामदारांच्या तोंडाकडे बघू लागले.

"वाघ मीच मारले!" इनामदार गरजले. "बंदूक जुनी आहे. ने निम्म्यात!"