मागून येणारं ‘नकोस’

पशुपक्ष्यांची भाषा अजून एकच होती, त्या काळची गोष्ट. एक म्हैस तळ्याच्या गाळात रुतली. जितकी धडपडे तितकी खाली जाई. काठावरून कावळा घसा फोडून ओरडत होता, “घाबरू नकोस, बुडू नकोस.” ते ऐकून ती अधिकच घाबरली.

तेवढ्यात गायबगळा तिच्या पाठीवर उतरला. “गाळ गार लागतोय ना, म्हशीबाई?”

“लागतोय,” म्हैस म्हणाली.

“श्वास चालू आहे?”

“आहे की.”

“मग तो आता सावकाश होईल. बरं, आधी उजवा पाय काढता की डावा?”

कुठला काढावा या विचारात म्हैस धडपडायचं विसरली. “उजवा,” ती म्हणाली, आणि एकेक पाय काढत काठाला लागली.

कावळा थक्क झाला. “बगळोबा, मीही तेच सांगत होतो.”

“तुमचं ‘घाबरू’ आधी पोचलं,” बगळा म्हणाला. “‘नकोस’ मागून येतं. तोवर ती घाबरून मोकळी.”

संध्याकाळी कावळ्याचं पिल्लू फांदीच्या टोकावर डगमगू लागलं. ‘पडू’ हा शब्द कावळ्याच्या चोचीत आलाच होता. त्याने तो गिळला आणि हळूच म्हणाला, “बाळा, फांदी घट्ट धर.”

पिल्लाने धरली.