हुकूम कुणी दिला?

डोंगरांना अजून नावे पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका रानात दर उन्हाळ्यात वणवा लागायचा, म्हणून प्राण्यांनी सभा भरवली. बरीच भांडाभांडी होऊन ठरले, की वणवा दिसताच सगळ्यांनी ओढ्यावर पळायचे. मात्र अस्वलदादांच्या हुकमाशिवाय कुणी जागचे हलायचे नाही.

चैत्रातल्या एका दुपारी धूर आला. सगळे रांगेत उभे राहून हुकमाची वाट पाहू लागले. अस्वलदादा पोटभर मध खाऊन गुहेत घोरत होते.

"त्यांना उठवू या का?" हरिणीने विचारले.

"झोपमोड केलेली त्यांना खपत नाही," कोल्होबा खोकत म्हणाले.

पाडसाचे डोळे चुरचुरू लागले, तशी हरिणी त्याला घेऊन धावत सुटली. तिच्यामागे सगळे रान धावले.

पाठीचे केस होरपळलेले अस्वलदादा सर्वांत शेवटी ओढ्यावर पोचले. पाण्यात बसकण मारत ते गरजले, "हुकूम कुणी दिला?"

"धुराने," हरिणी म्हणाली.

अस्वलदादांनी होरपळलेल्या पाठीवर पाणी उडवले. मग मान खाली घालून पुटपुटले, "पुढच्या वेळी मलाही उठवा. झोपेत मला वास येत नाही."