सैल पडलेली दोरी

एकदा असे झाले, की उत्तरेकडच्या एका पहाडी मुलुखात हिवाळा नेहमीपेक्षा लवकर उतरला आणि तिथले सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत गोठून गेले. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायची वस्तू. तिथे माणसे त्यावरून चालतात, त्याला भोक पाडून खाली गळ सोडतात आणि जे लागेल त्यावर हिवाळा काढतात. त्या काठावर एक वृद्ध सत्पुरुष राहत असत. त्यांचा एक शिष्य होता. शिष्याचे वडील शेजारच्याच झोपडीत अंथरुणाला खिळलेले होते. अन्न त्यांना जात नव्हते, माशाचे पातळ सार तेवढे घोटभर उतरायचे. साठवणीतला सुका मासा संपत आला होता. ताजा मिळाला तरच म्हातारा तगणार होता.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला थंडीत नुसते बसून राहणे म्हणजे मूर्खपणा वाटतो. त्याने गळाची काठी बर्फात रोवली, तिच्या शेंड्याला पितळी घंटी बांधली आणि स्वतः गुरूंच्या झोपडीत शेकोटीपाशी येऊन बसला. मासा दोरी ओढेल, घंटी वाजेल, मग आपण धावत जाऊ! ही युक्ती त्याला इतकी आवडली, की दुसरी घंटी त्याने वडिलांच्या उशाशी टांगली आणि तिची दोरी त्यांच्या हातात दिली.

"बाबा, काही लागलं की ओढा. मी हाकेच्या अंतरावर आहे."

एका जागी बसून पोटाचीही सोय झाली आणि पितृसेवाही झाली. असा मुलगा कोणाला नको वाटेल?

सुरुवातीला उशाची घंटी सारखी वाजे. कधी पाणी हवे असे, कधी कूस बदलायची असे, तर कधी काहीच नको असे. "नुसता बस जरा," वडील म्हणत. शिष्य पांघरूण सारखे करी आणि "गळाकडं लक्ष आहे, बाबा," म्हणून माघारी फिरे. एकदा तर तो त्यांच्यावर चिडलाही. पुढे ती घंटी वाजेनाशी झाली.

काठीवरची घंटी तर कधी वाजलीच नव्हती. संध्याकाळी दोरी वर काढावी तर आमिष साफ पुसून नेलेले आणि गळ रिकामा.

"या सरोवरात मासे नाहीत, गुरुजी, चोर आहेत," तो कुरकुरला.

एका सकाळी गुरूंनी विचारले, "वडील कसे आहेत रे?"

"बरे असावेत. हल्ली घंटी वाजतच नाही."

हे ऐकताच गुरूंनी हातातला पेला खाली ठेवला. कोपऱ्यातली सुरी उचलून ते तडक बर्फावर चालू लागले. शिष्य मागोमाग धावला. काठीपाशी पोहोचताच त्यांनी घंटी कापली आणि भोकातून पाण्यात सोडून दिली.

शिष्याचा संताप झाला. "हे काय केलंत? आता मासा लागलेला कळणार कसा? बाबांच्या तोंडात मी काय घालू?"

"खाली बस. दोरीकडे बघ," गुरू म्हणाले.

तो बसला. बोटे बधिर झाली, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग गळाच्या वजनाने ताठ असलेली दोरी किंचित सैल पडली आणि वाकलेला शेंडा जरासा वर आला. हिसका नाही, ओढ नाही.

"आता!" गुरू म्हणाले.

शिष्याने दोरी खेचली आणि चांगला वीतभर लांबीचा मासा बर्फावर येऊन पडला.

"बाळा," गुरू म्हणाले, "उन्हाळ्यातला मासा आमिष घेऊन पळतो. त्याच्या अंगात जोर असतो, म्हणून ओढ बसते आणि घंटी वाजते. या गारठ्यात त्याच्यात पळायचं बळ नसतं. तो आमिष तोंडात धरतो आणि जागच्या जागी थोडा वर उचलतो. वजन त्याच्यावर जातं, दोरी सैल पडते. सैल दोरीनं घंटी कशी वाजेल? तू ओढीची वाट बघत राहिलास. ओढायला अंगात बळ लागतं, आणि कोणी येऊन बसेल ही आशाही लागते. ज्याचं दोन्ही संपलं, त्याची दोरी नुसती सैल पडते. ते कळायला शेजारी माणूस बसलेलं असावं लागतं."

 मासा तसाच हातात धरून शिष्य वडिलांच्या झोपडीकडे पळत सुटला.

वडील जागे होते. ओठ सुकून चिरले होते, पायांवरचे पांघरूण केव्हाचे सरकले होते. शिष्याने घाईघाईने सार केले, चमचा त्यांच्या तोंडाला लावला. सार ओठांच्या कडेने बाहेर आले.

"बाबा, घंटी का नाही वाजवली?"

वडील पुटपुटले, "यायचास आणि लगेच जायचास. ते बघवत नव्हतं रे."

 शिष्य त्यांचा हात हातात घेऊन बसला. मध्ये शेकोटी विझली, तरी तो उठला नाही. दुपार कलता कलता त्या हाताची पकड गेली. कण्हणे नाही, उचकी नाही. झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या गुरूंनासुद्धा ते कळले नाही, फक्त मुलाला कळले.

घरातल्या एखाद्या माणसाची तक्रार थांबली, की 'सुटलो बुवा' असे आपल्याला वाटते. तसे वाटेल तेव्हा हातातले काम टाकून आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे.